कळसापुरता भक्त

सातारा जिल्ह्यात गाडी सरळ चालवता येत नाही. रस्ते बरे आहेत, पण देव फार जवळजवळ राहतात. साताऱ्याहून गोंदवलं 65 किलोमीटरच्या आसपास. वाटेत पुसेगावला सेवागिरी महाराज, आणि ‘जरा वाकडी वाट केली की’ औंधची यमाई. आमच्या आत्याच्या भूगोलात यच्चयावत देवस्थानं वाटेतच असतात. “शिंगणापूर तरी कुठं लांब आहे?” असं तिनं कोरेगाव यायच्या आधीच विचारलं होतं. देव टाळून पुढं गेलं की गाडी बंद पडते, हे तिचं यंत्रशास्त्र.

गाडीच्या आतही देवांची वानवा नाही. डॅशबोर्डवर गणपती. आरशाला रुद्राक्षाची माळ, त्यामुळं मागचं काही दिसत नाही. गोंदवलेकर महाराजांचा फोटो आईनं नेमका पेट्रोलच्या काट्यावर चिकटवलाय. टाकीत किती उरलंय हे आम्ही श्रद्धेनंच समजून घेतो. शेजारच्या सीटवर बाबा. त्यांनी जन्मात स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही, पण “तिसरा टाक, तिसरा!” हे सातारा सोडल्यापासून अखंड चालू.

वर्धनगडच्या घाटात मुलगी गप्प झाली. आमच्या घरात मुलगी गप्प झाली की पिशवी शोधायची असते. आत्याला वारं लागतं म्हणून काच बंद, मुलीला गुदमरतं म्हणून उघडी, पुन्हा बंद. हिनं पर्समधून आलेपाक काढला, आईनं लिंबू हुंगायला दिलं, बाबांनी ‘लांब बघ, लांब’ असा सल्ला दिला. लांब बघायला नेमका एसटीचा मागचा भाग होता. शेवटी हिनं पायाशी चाचपडून एक पिशवी वर काढली, तोंड उघडून मुलीपुढं धरली, आणि आई किंचाळली, “अगं ती नको! त्यात दशम्या आहेत!”

दशम्या वाचल्या. आत्याची शाल वाचली नाही.

देवळापाशी पोचल्यावर माझी खरी साधना सुरू होते. “तू गाडी लावून ये, आम्ही थांबतो.” आजवर एकदाही कुणी थांबलेलं नाही. पुसेगावात शिट्टीवाला “फुडं घ्या दादा, अजून फुडं” म्हणत राहिला आणि मी जवळजवळ पुढच्या गावात गाडी लावली. उन्हातनं चालत परत येतो, तर मंडळी नारळाच्या वाट्या घेऊन बाहेर. “चल, उशीर झाला, गोंदवल्याचा प्रसाद चुकेल.” आत्या म्हणाली, “कळस दिसला ना? मग झालं. कळसाला हात जोडले की दर्शन पोचतं.” औंधला यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर गाडी वरपर्यंत जाते. ही सोय कुणा ड्रायव्हरनं मागितली असेल असं मला वाटत नाही. वर मी गाडी वळवत होतो, बाबा मागं उभे राहून “येऊ दे, येऊ दे” करत होते आणि त्यांच्या मागं दरी होती. त्या पाच मिनिटांत मी यमाईला जितकं आळवलं तितकं रांगेतल्या कुणी आळवलं नसेल. आतली मंडळी तर चपलांची काळजी करत होती.

खरं सांगायचं तर गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (1845–1913) मला सोयीचे वाटतात. प्रपंच सोडू नका, तो करता करता नाम घ्या, असं त्यांनी संसारी माणसाला सांगितलं. नामाला पार्किंग लागत नाही. हात स्टिअरिंगवर, पाय क्लचवर, तोंडात ‘श्रीराम जय राम जय जय राम’. मी हे करून बघतो. बहुतेक वेळा ‘जय’ आणि ‘राम’ यांच्यामध्ये स्पीडब्रेकर येतो आणि मग तोंडातून निघतं ते रामाचं नाव नसतं.

पण कोरेगावच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, तेव्हा जमलं. दोन ट्रॉल्या, वर हलणारे वाढे, ट्रॅक्टरवर फुल आवाजात गाणी, समोरून वाहनांची रांग. ओव्हरटेकचा प्रश्नच नव्हता. दहा-पंधरा मिनिटं आम्ही त्या उसामागं रांगत होतो. बाबांना सांगण्यासारखं काही उरलं नाही, कारण तिसरा पडणारच नव्हता. आत्या डुलकीत गेली. आईची माळ सरकत होती, आणि मीही तिच्याबरोबर पुटपुटत होतो हे मला ट्रॅक्टर कारखान्याकडं वळला तेव्हा कळलं. मला थोडं वाईटच वाटलं. मागं राहिलो असतो तर कारखान्यापर्यंत बराच परमार्थ झाला असता.

गोंदवल्यात मात्र चमत्कार झाला. सावलीत, मंदिराजवळ, आडवी-तिडवी न करता गाडी लागली. प्रसाद मिळाला. शाल धुऊन बॉनेटवर वाळत टाकली. आणि मी सगळ्यांबरोबर, अगदी वेळेत, समाधीपुढं जाऊन बसलो. डोळे मिटले. मंत्राची तेरा अक्षरं. सातव्या अक्षरापर्यंत, म्हणजे पहिल्या ‘जय राम’पर्यंत नीट पोचलो, तोच कानाशी बाबा कुजबुजले,

“गाडी लॉक केलीस ना?”

मी डोळे न उघडता खिशातल्या खिशात किल्लीचं बटण दाबलं आणि आठव्यापासून पुढं सुरू केलं.