सायकल हलकी झाली म्हणून घाट लहान होत नाही

माझ्या भाचीने तिच्या पहिल्या 200 किलोमीटरच्या बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडसाठी, नाव नोंदवलं होतं. चार दिवसांपूर्वी तिचा फोन आला, "मामा, नाव काढून घेऊ का?" कारण विचारलं तर तिने एक मेसेज पाठवला. सायकल चालवणाऱ्या बहुतेकांकडे तो एव्हाना पोचला असेल. त्यात म्हटलंय की आठ किलोच्या आतली कार्बन सायकल नसेल तर घाटाच्या आणि लांबच्या राइडच्या नादी लागू नका. टायर 23 चाच (23 मिलिमीटर रुंदीचा) हवा आणि त्यात 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा. प्रत्येक राइड जीव तोडून करा, हळू चालवलेले किलोमीटर वाया जातात. राइडमध्ये खाऊ नका, पाणी पुरे. आणि चाळिशीनंतर सायकलने गुडघे जातात.

हे वाचून मला राग आला. नुकतंच कुणी सायकलवर बसलंय, त्याला हा मेसेज परत घरी पाठवतो.

आधी वजनाचं बघू. भाचीची सायकल अ‍ॅल्युमिनियमची, साडेअकरा किलोची. तिचं स्वतःचं वजन 58 किलो, बाटल्या आणि हत्यारं अडीच किलो. म्हणजे चढावर तिला एकूण 72 किलो वर न्यायचे आहेत. आठ किलोची सायकल घेतली तर साडेतीन किलो वाचतील, पाच टक्क्यांच्या जरा आतच. चढावर जवळजवळ सगळी ताकद वजन उचलण्यात जाते, त्यामुळे वेळही साधारण तेवढ्याच टक्क्यांनी कमी होतो. एखादा घाट चढायला तिला तास लागत असेल तर वाचतील फार तर तीन मिनिटं. 200 च्या बीआरएमला वेळ मिळतो साडेतेरा तास, म्हणजे 810 मिनिटं! थांबे धरून ताशी 15 किलोमीटरचा वेग पुरतो, आणि तो ती दर रविवारी गाठते.

सपाटीवर तर वजनापेक्षा वारा कितीतरी मोठा. ताशी 25 वरून 30 वर जायचं तर निव्वळ हवा कापायला आधीपेक्षा 70 टक्क्यांहून अधिक जादा ताकद लागते, आणि त्या हवेला अडवतं ते मुख्यतः आपलं अंग. कोपरं वाकवणं आणि फडफडणारं जाकीट काढून ठेवणं, याला पैसे पडत नाहीत. दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1200 किलोमीटरची राइड 90 तासांच्या आत लोक जुन्या स्टीलच्या सायकलींवर, दोघांच्या टँडमवरसुद्धा पुरी करतात. हो, मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' व्हायचं असेल तर सेकंद मोजावे लागतात, तिथे हलकी सायकल नक्की घ्या. तो खेळ वेगळा आहे.

घाटात खरा फरक गिअरने पडतो. पुढच्या चक्रीला 39 आणि मागच्या चक्रीला 25 दात असताना मिनिटाला 60 पेडल मारायची तर ताशी जवळजवळ 12 किलोमीटरने चढावं लागतं. पुढे 34 आणि मागे 34 असतील तर तेच 60 पेडल साडेसात किलोमीटरच्या वेगाला जमतात. नवशिक्याचे पाय घाटात दगड होतात ते बहुतेक वेळा या फरकामुळे. आपल्या डिरेल्यरला (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाला) चालेल एवढी मोठी कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) बसवून घ्यायची, आणि ती नव्या फ्रेमच्या मानाने फार स्वस्तात येते.

गुडघ्यांचंही उत्तर यातच आहे. जड गिअरवर रेटत बसलं की गुडघ्यावर ताण येतो, मग वय पंचवीस असो की पन्नास. दुसरं कारण सीटची उंची. माझा गुडघा दोन वर्षं पुढून दुखत होता. ज्या दुकानातून सायकल घेतली तिथे सांगितलं, सवयीने जाईल. गेला नाही. सीट दोन सेंटिमीटर वर घेतली आणि महिन्याभरात दुखणं थांबलं. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ होतो का बघायचं, सुरुवातीला एवढी मोजणी पुरते.

टायरच्या बाबतीत मात्र हा मेसेज धोकादायक आहे. वीस वर्षांपूर्वी रेसवाले 23 चे टायर वापरत, हे खरं. आता टूर द फ्रान्समध्येही 28 आणि 30 चे टायर सर्रास दिसतात. गुळगुळीत लोखंडी ड्रमवर फिरवून बघितलं तर कडक टायर वेगवान ठरतो, पण आपण ड्रमवर चालवत नाही. खडी, पॅचवर्क, काँक्रीटचे सांधे यांवर कडक टायर उसळतो आणि प्रत्येक उसळीसोबत अख्खी सायकल आणि वर बसलेला माणूस हलतो. ती हलवायची ताकद आपल्याच पायांतून जाते. मी स्वतः 23 च्या टायरमध्ये 120 भरून खंबाटकी घाट ओलांडून वाईला गेलो आहे. परतताना मनगटं इतकी बधिर झाली होती की उतारावर ब्रेक किती दाबलाय ते कळत नव्हतं.

28 च्या ट्यूबवाल्या टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी 65 ते 75 पीएसआय ठीक, पुढच्या टायरला थोडी कमी. टायरच्या कडेला छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. नव्या हुकलेस रिम (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेल्या) असतील तर कमाल 72.5 पीएसआय. त्यात 120 भरले तर टायर रिमवरून उडू शकतो, आणि तो उतारावर उडाला तर काय होईल ते मला लिहायचं नाही.

जीव तोडून करायच्या राइडबद्दल. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाच्या खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची साधारण 80 टक्के सत्रं हलकी निघाली. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, इतकी हलकी. रोज दम काढणारा माणूस थकलेलाच राहतो, मग जोराच्या दिवशी जोर येत नाही. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या संघाने पुरी केली, नागपूरच्या अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने. सुमारे 4800 किलोमीटरचं ते अंतर कोणी जीव तोडत कापू शकत नाही. भाचीला सांगितलं, आठवड्यात एकच दिवस जोराचा, बाकी गप्पा मारत.

आणि खाणं. स्नायूंतला साखरेचा साठा जोराच्या राइडमध्ये दीड-दोन तासांत संपत येतो. पुढे तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक मोठं केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू, किंवा खजूर, चिक्की. नुसतं पाणीच तासन् तास गरजेपेक्षा जास्त पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत ठेवा.

भाचीने नाव ठेवलंय. या रविवारी आम्ही तिची कॅसेट बदलून घेणार आहोत आणि टायरमधली हवा 90 वरून 60 वर आणणार आहोत, कारण तिचे टायर 32 चे आहेत, आणि रुंद टायरला कमी दाब पुरतो.