निकियाच्या मतदानात येशू देव झाला का?

सध्या फिरणारा मजकूर असा: ‘इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकियात बिशप गोळा केले, मतदान घेऊन येशूला देव ठरवलं आणि बायबल बदललं. त्याआधीचे ख्रिस्ती, आज मुसलमान मानतात तसंच, येशूला फक्त पैगंबर मानत.’ यातलं साल बरोबर आहे आणि निकियात (आजच्या तुर्कस्तानातलं एक शहर) बिशप परिषदेसाठी जमले होते हेही खरं. बाकीचं एकेक करून पाहू.

आधी मतदान. येशू माणूस की देव, असा तिथला वाद नव्हताच. वाद पेटला होता आरियस या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून. पुत्र, म्हणजे येशू, जगाच्या आधीचा आहे, त्याच्याच द्वारे जग निर्माण झालं, पण तो स्वतः निर्माण केलेला आहे, असं तो म्हणे. परिषदेने ‘पित्याशी एकतत्त्व’ (होमोऊसिओस) हा शब्द स्वीकारून ते नाकारलं. आरियसला इस्लामचा पूर्वज ठरवणाऱ्यांची अडचण इथेच होते: ज्याच्या द्वारे सृष्टी झाली असा ‘पुत्र’ कुराणाच्या ११२व्या सूरेतही (अध्यायातही) बसत नाही, कारण देवाने कोणाला जन्म दिला नाही असं ती म्हणते. आणि सम्राटाने लादलं म्हणावं, तर त्याच कॉन्स्टंटाइनला ३३७ मध्ये मरणाआधी बाप्तिस्मा दिला तो आरियसची पाठराखण करणाऱ्या बिशपाने.

मग आधीचे ख्रिस्ती काय मानत? इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याची स्तुती गातात. प्लिनी बिथिनियाचा कारभार पाहत होता आणि निकिया त्याच प्रांतात. म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी, त्याच मुलखात, एका परक्या अधिकाऱ्याने केलेली ही नोंद आहे.

त्याहून जुना पुरावा पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रेषिताचा. इ.स. ५५च्या आसपास लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (८:६) तो यहुद्यांचं रोजचं कबुलीवचन हाती घेतो: परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. ग्रीक भाषांतरात त्यात ‘देव’ आणि ‘प्रभू’ असे दोन शब्द आहेत, दोन्ही एकाच परमेश्वरासाठी. पौल ‘एकच देव’ म्हणून पित्याचं नाव घेतो, ‘एकच प्रभू’ म्हणून येशूचं, आणि सगळं त्याच्या द्वारे झालं असं जोडतो. दुसरा देव आणला नाही, एकाच देवाच्या कबुलीत येशू आला. त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या श्रद्धेचं) बीज इथे आहे. मुस्लिम वाचक याला शिर्क (देवाला भागीदार जोडणं) म्हणेल. तो मतभेद खरा आहे. पण ही श्रद्धा ३२५ची नाही.

बायबलचं म्हणाल, तर निकियाचे नियम एकूण २०. शास्त्रात कोणती पुस्तकं असावीत यावर त्यांत एकही नाही. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आज वापरतो तीच यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७च्या पत्रात मिळते. आणि पौलाचं वरचं वाक्य साधारण इ.स. २००च्या पपायरस ४६ या हस्तलिखितात आहे. ते निकियात कोण कसं घालणार?

आपल्या ख्रिस्ती लोकांचीही एक चूक सांगायला हवी. त्रैक्य सिद्ध करायला काही जण १ योहान ५:७ मधलं ‘पिता, शब्द व पवित्र आत्मा’ हे वाक्य पुढे करतात. ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही, लॅटिन परंपरेतून नंतर शिरलं. वादात ते काढलंत की ‘बायबल बदललं’ म्हणणाऱ्याच्या हाती तुम्हीच कोलीत दिलंत.

खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. कुमारीच्या पोटी जन्म कुराणालाही मान्य आहे, ‘मसीह’ ही पदवीही. पण ४:१५७ म्हणतं, त्यांनी त्याला मारलं नाही, वधस्तंभावरही दिलं नाही. उलट पौल त्याच पत्रात (१५:३) लिहितो की ख्रिस्त आमच्या पापांसाठी मरण पावला, ही गोष्ट मला सांगण्यात आली तशीच मी तुम्हाला सांगितली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, आणि निकियात कोणी कुठे सही केली याचा त्याच्याशी काही संबंध नाही.