पडदे नका पाहू, छत पाहा

आज दुपारी भाच्याचा फोन. "मामाजी, कॅराव्हॅन फायनल केली!" म्हणजे चाकांवरचं घर, जुना ट्रेलर, गाडीमागे ओढायचा, आणि पठ्ठ्या टोकन देऊन मोकळा. विचारलं, टायर कोणत्या सालचे? "नवेच दिसून राहिले ना." छतावर चढला होतास? "छतावर काऊन चढू?" वरून व्हिडिओ पाठवला. लाइटच्या माळा, मोरपंखी सोफा, कोपऱ्यात गिटार. छत एकदाही नाही. डोकं फिरलं, म्हणून हे लिहून राहिलो.

मी माझा जुना ट्रेलर घ्यायला गेलो तेव्हा सोबत आमच्या वस्तीतले एक काका होते, एस.टी.च्या हिंगणा वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मालक चहा मागवतोय, पडदे सरकवून दाखवतोय, आणि काका आत पायच ठेवेनात. पोतं अंथरून सरळ खाली घुसले. बाहेर आले ते हात गंजाने माखलेले. म्हणाले, "शिडी आना, अन् चार बादल्या पानी." मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

ट्रेलरची वाट लावतं ते पाणी. छताच्या जोडांवरचं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, आपल्या मे महिन्यात तडकतं आणि पहिल्या पावसापासून पाणी प्लायवूडमध्ये मुरायला लागतं. बाहेरून पत्रा चकाचक. काकांनी जोडांवर पाणी ओतलं, निवांत खर्रा चघळत बसले, मग वरचं कपाट उघडून आतल्या कोपऱ्यात अंगठा दाबला. चहात बुडवलेल्या टोस्टसारखा तो कोपरा दबला. आणि बरोबर त्याच कोपऱ्यावर नवाकोरा वॉलपेपर! भाव तिथेच उतरला. तेवढी प्लाय बदलली, जुनं सीलंट खरवडून सगळं छत नव्याने सील केलं, तेव्हा कुठे मी गादीचा विचार केला.

टायरचं तर विचारूच नका. टायरच्या बाजूला 'DOT' अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा, बस. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उन्हात वाळून तडकतात. नक्षी शाबूत दिसते म्हणून नवे म्हणणाऱ्यांना काय बोलावं! काकांनी खालूनच साल वाचून दाखवलं होतं.

आणि तो "बॅटरीवर रात्रभर एसी चालते" म्हणणारा विक्रेता! अरे, बारा व्होल्टची 150 अँपिअर-अवर बॅटरी पूर्ण पिळली तरी 1,800 वॅट-तास. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्म्याखाली उतरवू नये. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो. करा हिशोब. नागपूरच्या माणसाला कूलर शिकवायचा का आता? खिडकीत छोटा कूलर, खसची ताटी, ट्रेलर कडुनिंबाखाली. पावसाळ्यात कूलर कामाचा नाही, हे खरं.

सामान भरतानाही काकांचंच ऐकलं. पाण्याची टाकी मागे होती, ती त्यांनी एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, जरा पुढे घ्यायला लावली. वजन मागे गेलं की जबलपूर रोडवर बाजूने ट्रक निघाला रे निघाला, ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तेव्हा कचकन ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टेअरिंग सरळ धरायचं. गाडीला जोडायच्या हुकवर ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. हे व्हिडिओत कोण सांगतं?

कागदांचं थोडक्यात. ट्रेलरचंही स्वतंत्र रजिस्ट्रेशन असतं. चेसिस नंबर स्वतः वाचा, मालकी नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सही करून घ्या, दुसऱ्या आरटीओचा असेल तर एनओसी. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा आणि घरी या.

हो, तेवढ्या पैशात कितीतरी वेळा हॉटेल झालं असतं. मान्य. तरी घेतला.

कारण आमच्या आईला गुडघ्यांमुळे ढाब्यावरचं संडास जमत नाही, म्हणून ती कुठे यायचीच नाही. रामटेकला मात्र आली. ओट्यावर स्वतःचं आलं किसून चहा केला, आणि वरचं कपाट उघडून त्या बदललेल्या कोपऱ्यात डाळ-तांदळाचे डबे रचले. भाच्यालाही नको म्हणत नाही मी. घे ना बाबा, जरूर घे. त्याची आजी त्यात बसेल तेव्हा खालची प्लाय धड असावी, इतकंच. काका यायला तयार आहेत, शिडी माझ्याकडे आहे.

सरकारचंही एक आहे. 2021 मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, छान. पण आपल्या भागात रात्री उभं राहायला, सांडपाणी रिकामं करायला जागा शोधत फिरा, मग कळतं. तर मित्रहो, रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या बाजूला कोणाचं शेत असेल, सावली आणि एक पंधरा अँपिअरचा प्लग असेल, तर इनबॉक्समध्ये सांगा. भाडं देतो. घाण पाणी शेतात सोडत नाही, कॅनमध्ये भरून घरी आणतो.