ताडपत्री बांधूनही खुराडं ओलं का राहतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘जाळी उघडी ठेवा हा सल्ला देशावर ठीक, चिपळूणच्या पावसात चारही बाजूंनी ताडपत्रीच हवी, आणि वास सुटला की चुना मारायचा,’ असं तुम्ही लिहिलंय.

त्यातला एक मुद्दा मान्य. पत्रा 3 फूट पुढे काढला की पुरतं, असं मी म्हटलं होतं. नैऋत्येकडून आडव्या येणाऱ्या झडीला ते पुरत नाही. त्या बाजूला पडदा हवाच.

पण चारही बाजू बंद करू नका. पत्रा गळत नसेल, तर खुराड्यातली बहुतेक ओल कोंबड्यांपासूनच येते. 10 मोठ्या कोंबड्या दिवसाला 2 ते अडीच लिटर पाणी पितात. त्यातलं थोडं अंड्यांत जातं, बाकीचं विष्ठेतून आणि श्वासातून तिथंच बाहेर पडतं. ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. वाट बंद झाली की ही वाफ रात्री पत्र्याला धरते आणि थेंब थेंब खाली गादीवर, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरावर, पडते. सकाळी वाटतं, पत्रा गळतोय.

पडदा असा लावा: वरच्या बाजूला किमान 1 फूट जाळी मोकळी राहील, आणि खालची कड कठड्याच्या बाहेरून 6 इंच खाली येईल. कड कठड्याच्या आत राहिली, तर ओघळणारं सगळं पाणी तुसावर येतं. ही चूक फार ठिकाणी दिसते. समोरची बाजू उघडीच ठेवा. गारठ्याची भीती नको. जुलैतली कोकणातली रात्र 24 अंशांच्या आसपास असते, पिसं कोरडी असलेल्या मोठ्या कोंबडीला ती बाधत नाही. पिलांचं वेगळं, त्यांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब लागते.

आता चुना. वास म्हणजे अमोनिया, आणि ओल्या गादीवर चुना पडला की अमोनिया आणखी सुटतो. बंद खुराड्यात कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, पाणावतात. म्हणून आधी कोंबड्या बाहेर काढा, गठ्ठे झालेली गादी उचलून टाका, मग विझवलेला चुना 10 चौरस मीटरला 1 किलो या बेतानं टाकून खालवर करा. तासभर वारा खेळू द्या आणि वर 2 इंच कोरडं तूस पसरा. कळीचा चुना मुळीच वापरू नका, त्यानं पाय भाजतात.

गादी 4 ते 6 इंच जाड हवी आणि पावसाळ्यात रोज खालवर करायला हवी. मूठभर घेऊन दाबा. लाडू वळला तर ओल जास्त. मूठ उघडताच सुटली तर बरोबर. ओल आणि ऊब मिळाली की रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात, त्यामुळे ‘रविवारी बघू’ म्हणून चालत नाही. पेंढा पावसाळ्यात नकोच, त्याला बुरशी धरते.

पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे सांडलवंड कमी होते.

बाहेरच्या आवारात जांभ्याचा चुरा टाकू नका, पायाखाली त्याचा चिखल होतो. काळ्या दगडाची खडी 4 इंच, त्यावर जाड वाळू किंवा नारळाच्या सोडणांचे तुकडे. उतार 10 फुटांना अडीच इंच, खुराड्यापासून बाहेरच्या दिशेनं, आणि टोकाला चर. खडी टाकण्याआधी वरची शेणमाती खरवडून काढा, नाहीतर महिन्याभरात तीच वर येते.