महाराष्ट्रात काँग्रेस एवढी वर्षं का टिकली

1962 ला 264 पैकी 215 आमदार, 1972 ला 270 पैकी 222. हे आकडे सांगितले की पोरं लगेच म्हणतात, तेव्हा काय, नेहरू-इंदिराजींच्या नावावर दगडसुद्धा निवडून यायचा. मला हे अजिबात पटत नाही. अहो 1957 ला नेहरू होतेच की, तरी संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पार लोळवलं होतं.

चित्र फिरलं ते मुंबईसह राज्य मिळालं म्हणून, आणि पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या बेरजेच्या राजकारणामुळे. शेतकरी कामगार पक्षाची (शेकाप), समितीची माणसं त्यांनी आपल्याकडे ओढली आणि नुसती ओढली नाहीत, त्यांना काम दिलं. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, साखर कारखाने, जिल्हा बँका, सोसायट्या वाढत होत्याच, मग सोसायटीचा संचालक पंचायत समितीवर, तिथून झेडपीत, नशीब असेल तर आमदार. गावातल्या कर्तबगार माणसाला वर चढायला दुसरा जिनाच नव्हता. वसंतराव नाईक 11 वर्षं मुख्यमंत्री राहिले ते याच जोरावर, आणि 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली हे पण विसरू नका.

बिघडलं ते इथेच. ज्याच्या हातात कारखाना त्याच्या हातात शेतकऱ्याची मान. विरोधात गेलात तर तोडीची टोळीच येत नाही, ऊस उभा राहतो, तुरे येतात, वजन घटतं आणि माणूस मुकाट्याने चेअरमनच्या दारात जातो. याला कोणी लोकप्रियता म्हणू नये. हळूहळू संचालकाचा मुलगा संचालक, आमदाराचा मुलगा आमदार झाला आणि तो जिना वरच्यांनीच बंद केला. मग बाकीची हुशार पोरं कुठे जाणार? शिवसेनेत गेली, भाजपमध्ये गेली, 1995 ला युतीची सत्ता आली. 1999 नंतरची काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीची 15 वर्षं मला तरी जुन्या पुण्याईवरच चाललेली वाटतात. 2011 ला रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळच बरखास्त केलं, तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि घराण्यांचं म्हणाल तर सत्ता बदलली की ती पण बदलतात. विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते राहिलेले राधाकृष्ण विखे 2019 ला भाजपच्या सरकारात मंत्री झाले.

2024 च्या लोकसभेत काँग्रेसला राज्यात 13 जागा मिळाल्या, सगळ्यात जास्त. सहाच महिन्यांत विधानसभेला 16 आमदार. लोकसभेला लोकांनी आपणहून मतं दिली, विधानसभेला घरोघरी जाणारा माणूस लागतो, आणि तो माणूस काँग्रेसने निदान तीस वर्षं तयारच केलेला नाही.