चारशे नव्वद वजा एक

ज्या माणसाच्या गाडीने माझी स्कूटर अडवली, त्यानेच मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, माझ्याकडे वळून, हात जोडून, गोड हसत ‘तुम्हाला शांती असो’ म्हटलं होतं. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी ती शांती घेतलीच नसती.

प्रकार साधाच. वसईतल्या एका चर्चचं आवार, रविवार सकाळ, सप्टेंबरचा चिकचिकाट. माझी स्कूटर भिंतीला लागून, आणि तिच्या मागे, हँडल वळवायलाही फट न ठेवता, एक पांढरी मोटार आडवी लावलेली. एमएच 48, म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी. आत आरशाला रोझरी लटकलेली. मी ढकलून पाहिली, हँडब्रेक ओढलेला. मिस्सा संपली, लोक पांगले, पाव घेऊन घरीही गेले. मोटार जागची हलेना. तिकडे मटणाच्या दुकानातली रांग आणि घरून येणारे फोन, दोन्ही वाढत होते.

बरं, त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं वाचन, कोणतं असावं? मत्तय 18:21. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि येशू म्हणतो, सात नव्हे, सत्तर गुणिले सात. म्हणजे ज्या प्रवचनाने मला आतून मऊ केलं होतं, त्यातून मी बाहेर पडतो न पडतो तोच परीक्षा.

तेवढ्यात छत्री काखेत मारलेले एक अंकल शेंगा सोलत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. उकडलेल्या शेंगा. टरफलं मात्र खाली न टाकता शर्टाच्या खिशात ठेवत होते.

“रागावलास?” त्यांनी विचारलं.

“नाही हो,” मी मोटारीच्या टायरला लाथ घालत म्हणालो.

“माफ कर. मोजून कर, पण कर.”

‘मोजून’ म्हणजे काय ते मला कळलं नाही. मग त्यांनी पँटच्या खिशातून रबर लावलेली एक डायरी काढली. हाताला शेंगांचं खारं पाणी लागलेलं, म्हणून पानं मनगटाने उलटली. पानभर पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी, असे जुडगेच्या जुडगे.

“हा माझा चुलतभाऊ. दर पावसाळ्यात वाडीचा बांध कोरतो. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून हिशोब आहे. आतापर्यंत 289 वेळा माफ केलं. शिल्लक 201.”

“फक्त बांधाचे?”

“छे. बांध, विहिरीचं पाणी, नारळ, लग्नात पत्रिकेवर नाव न घालणं, सगळं आलं. एकदा एकाच दिवशी त्याने बांधही कोरला आणि शिवीही दिली. तर एक धरायचं की दोन? फादरना विचारलं.”

“मग?”

“फादर म्हणाले, चहा घ्या.”

“आणि 490 भरल्यावर?”

अंकलनी शेंगदाणा तोंडात टाकला. “वकील बघून ठेवलाय.”

मी त्यांना सांगणार होतो की येशूच्या म्हणण्याचा मतलबच मुळी मोजू नका असा आहे. पण त्यांनी तोवर कोरं पान उघडून माझ्यासाठी पहिली रेघ मारली होती, आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्या पानाला नाव काय द्यावं याचा विचार चालवला होता. शेवटी ‘पां. गाडी’ असं लिहिलं.

माझं डोकं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकलं होतं. त्याच अध्यायात पुढे गोष्ट आहे. एका चाकराचं दहा हजार तालांत कर्ज राजा माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! एवढं कर्ज एका चाकराला दिलं कुणी? तारण काय घेतलं? या स्कूटरसाठी माझ्याकडून दोन जामीनदार, तीन वर्षांची रिटर्न्स आणि बायकोची सही घेतली होती, आणि एक हप्ता चार दिवस चुकला तर सकाळी सातला फोन. दहा हजार तालांतवाल्याला राजा स्वतः भेटतो. गोष्ट जुनी वाटत नाही ती यामुळेच.

“हे बघ,” अंकल म्हणाले, “मागच्या रविवारचं वाचन आठव. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात सांग.”

“एकांतात सांगायला तो कोण ते कळायला हवं ना!”

“मग दोघा-तिघांना साक्षीला घे. मी आहेच.” शेंगा आहेत तोवर ते होते. “तरी ऐकलं नाही तर मंडळीला, म्हणजे सगळ्या चर्चला सांग.”

मंडळीला सांगायला गेलो. माइकचं कपाट बंद, किल्ली चर्चची व्यवस्था बघणाऱ्या सॅक्रिस्टनकडे, सॅक्रिस्टन नाश्त्याला, फादर बाप्तिस्म्याला. देवळात, म्हणजे चर्चमध्येच, पाचसहा जण अजून गुडघे टेकून होते. त्यांतल्या एकाची ती मोटार, हे उघड होतं. मत्तय पाचव्या अध्यायात अगदी याच प्रसंगासाठी वचन आहे: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. थोडक्यात, आधी गाडी काढ. पण हे त्याला आठवायला हवं. माझ्या आठवणीचा उपयोग नव्हता, आणि देवळात मोठ्याने ओरडायची आपल्यात पद्धत नाही.

परत आलो तर अंकल म्हणाले, “मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला जकातदारासारखा समज. असं लिहिलंय.”

जकातदार म्हणजे त्या काळी सगळ्यांच्या तिरस्काराचा धनी, म्हणून मला जरा बरं वाटलं.

“आणि जकातदाराशी येशू कसा वागला? जक्कयच्या घरी उतरला. मत्तयच्या घरी जेवायला बसला.”

म्हणजे इथूनही सुटका नाही. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी खर्च माझाच. गंमत सोडून सांगतो, मला चीड याचीच येते. दुसरा गाल, दुसरा मैल, सत्तर गुणिले सात, हे सगळं नेहमी ज्याने खाल्ली त्यालाच ऐकवतात. मारणाऱ्याकडे जाऊन, ‘बाबा रे, पहिला गाल कशाला?’ असं विचारणारं कुणी भेटत नाही. शेजारी पाण्याची मोटर चोवीस तास लावतो, माफ कर. दीर वाटणीत फसवतो, माफ कर, देव बघतोय. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईलाही हेच सांगणारी माणसं मी आमच्याच ओट्यावर बसलेली पाहिली आहेत. फसवणारा, मारणारा पुढच्या बाकावर बसून ‘आमेन’ म्हणत असतो. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाबद्दल बोलायचं नाही, हे मान्य. पण माझ्या पुढ्यात कुसळ नव्हतं, चार चाकांवरचं मुसळ होतं.

अखेर मालक आले. सावकाश, जिन्यावर थांबून दोघांशी बोलून, शांती वाटत. तेच ते गोड हसणारे.

“अरे, तुमची आहे होय? हॉर्न वाजवायचा ना!”

कुणाचा, हे मी विचारलं नाही.

“आज प्रवचन काय सुंदर होतं,” ते दार उघडत म्हणाले. “क्षमा! आपल्यात तीच कमी झालीय बघा.”

अंकलनी मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाले, “जकातदार. जेवायला.”

मालकांनी गाडी मागे घेतली तेव्हा काचेतून दिसलं. मागच्या सीटवर काळ्या पिशवीत मटण. मिस्साआधीच घेऊन ठेवलेलं, म्हणून उशीर, म्हणून माझ्या स्कूटरमागे. माझ्या नेहमीच्या मटणाच्या दुकानात तोवर फक्त कलेजी उरली होती, हेही फोनवर कळलं.

दोन किलो तरी असेल. जेवायला काही बोलावलं नाही.