थॅचरबाईंनी कर कमी केले म्हणे

अर्थसंकल्पाचे दिवस आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. 'मार्गारेट थॅचर यांनी कर घटवले, सरकार लहान केलं, महागाई गाडली, भाडेकरूंना घरमालक आणि कामगारांना भागधारक केलं. म्हणून ब्रिटिशांनी त्यांना सलग तीनदा निवडून दिलं. आपल्याकडे आहे कोणात ही हिंमत?' 1979 ते 1990 ब्रिटनच्या पंतप्रधान असलेल्या या बाईंकडे हिंमत होतीच. 1976 साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरलेला आणि 1978-79च्या हिवाळ्यात संपांनी बेजार झालेला देश त्यांच्या हाती आला, हेही खरं. बाकीची विधानं मात्र एकेक करून तपासावी लागतील.

आधी कर. जून 1979मध्ये अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी उत्पन्नकराचा सर्वोच्च दर 83 टक्क्यांवरून 60वर आणला, मूळ दर 33वरून 30वर. मजकूर इथेच थांबतो. त्याच अर्थसंकल्पात मूल्यवर्धित कर 8 टक्क्यांवरून 15 टक्के झाला, म्हणजे जवळपास दुप्पट. साहेबाचा कर उतरला आणि साहेबाच्या ड्रायव्हरची खरेदी महागली. 1981 साली तर भर मंदीत हाऊ यांनी करवाढ केली, तेव्हा 364 अर्थतज्ज्ञांनी सरकारच्या धोरणाविरुद्ध जाहीर पत्र काढलं. 1980च्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय उत्पन्नातला करांचा वाटा 1979पेक्षा कमी नव्हता, जास्त होता. पुढे 1988मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी सर्वोच्च दर 40वर आणला, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच वर्ष.

सरकार लहान झालं का? पहिली काही वर्षं राष्ट्रीय उत्पन्नातला सरकारी खर्चाचा वाटा उलट वाढला. जानेवारी 1982मध्ये बेरोजगारांचा आकडा 30 लाखांवर गेला होता आणि त्यांना भत्ता द्यावा लागत होता. गंमत म्हणजे 1979च्या प्रचारात थॅचर यांच्याच हुजूर पक्षाने बेरोजगारांच्या लांबलचक रांगेचं पोस्टर लावून तेव्हा सत्तेत असलेल्या मजूर पक्षाला झोडपलं होतं. खर्चाचा वाटा खरोखर उतरला तो दशकाच्या शेवटच्या तेजीत.

या सगळ्या काळात तिजोरी सावरली कशाने, हे त्या मजकुरात कधीच नसतं. उत्तर समुद्रातल्या तेलाने. 1984-85 या एका वर्षात तेलापासून सुमारे 12 अब्ज पाउंड सरकारजमा झाले. त्याच समुद्रातलं तेल काढणाऱ्या नॉर्वेने 1990मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी निधीचा कायदा केला. ब्रिटनचं तेल चालू खर्चात गेलं, असा कोणताही निधी उभा राहिला नाही. समाजवाद्यांकडचे दुसऱ्याचे पैसे शेवटी संपतात, हे थॅचर यांचं वाक्य मोठ्या चवीने उद्धृत होतं. समुद्राखालून फुकट आलेले पैसेही संपतात.

महागाईचं प्रकरण सरळ आहे. मे 1979मध्ये दर दहा टक्क्यांच्या आसपास होता. वर्षभरात तो 22च्या घरात गेला (मूल्यवर्धित कराची वाढ त्याला कारण होतीच), 1983पर्यंत पाचच्या खाली आला, आणि नोव्हेंबर 1990मध्ये बाई पायउतार झाल्या तेव्हा पुन्हा दहाच्या जवळ. मधला उतार खरा, पण त्यासाठी व्याजदर 17 टक्क्यांपर्यंत नेले गेले, पाउंड वधारला, निर्यात करणारे कारखाने धडाधड बंद पडले. कोळसा आणि पोलाद यांवर जगणारी वेल्स, यॉर्कशर, स्कॉटलंडमधली गावं त्यातून सावरलीच नाहीत. आता, खाणी थॅचर यांच्या आधीही बंद होत होत्या, मजूर पक्षाच्या काळातही झाल्या. प्रश्न आहे तो बंद झाल्यावर तिथल्या माणसांसाठी दुसरं काय उभं केलं याचा.

पोलादाचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. 1988मध्ये खासगी झालेल्या ब्रिटिश स्टीलचा वेल्समधला पोर्ट टॅलबटचा कारखाना 2007मध्ये टाटा स्टीलकडे आला. सप्टेंबर 2024मध्ये तिथली शेवटची झोतभट्टी विझली, आणि विजेच्या नव्या भट्टीसाठी 50 कोटी पाउंड कोणी द्यायचे ठरले? ब्रिटिश सरकारने. अशा खर्चातून अंग काढून घेण्यासाठीच तर खासगीकरण केलं होतं.

घरांबद्दल मी थोडा मवाळ आहे. 1980च्या कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहतं घर मोठ्या सवलतीत विकत मिळालं. दशकभरात दहा लाखांहून अधिक कुटुंबांनी ते घेतलं, आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. मात्र विक्रीचे पैसे नवी घरं बांधायला वापरण्यावर नगरपालिकांना निर्बंध होते. विकलेल्या घरांच्या जागी नवी उभी राहिली नाहीत, आणि त्यांतली कितीतरी पुढे खासगी मालकांकडे जाऊन चढ्या भाड्याने दिली गेली. स्कॉटलंडने 2016मध्ये आणि वेल्सने 2019मध्ये ही योजनाच बंद केली.

शेअरचं गणित आणखी मजेशीर. सरकारी कंपन्या शेअर बाजारात विकल्यावर भागधारकांची संख्या खूप वाढली, पण कंपन्यांच्या एकूण भांडवलातला सामान्य व्यक्तींचा हिस्सा 1981च्या 28 टक्क्यांवरून दशकाअखेर 20च्या आसपास घसरला. थोडे शेअर घेतले, भाव चढताच विकले. 1989मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या पाणी कंपन्या सरकारने कर्जमुक्त करून विकल्या. आज त्यांच्यावर 60 अब्ज पाउंडांहून जास्त कर्ज आहे, आणि तरीही भागधारकांना लाभांश मिळत आलाय. थॅचर यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी 1985मध्येच सरकारी कंपन्यांच्या विक्रीला घरातली चांदी विकण्याची उपमा दिली होती.

राहिला तीनदा निवडून येण्याचा मुद्दा. मतांचा वाटा पाहा: 1979मध्ये 43.9 टक्के, मग 42.4, मग 42.2. वाढला एकदाही नाही. फुटलेला विरोधी पक्ष आणि 1982चं अर्जेंटिनाविरुद्धचं, जिंकलेलं फॉकलंड युद्ध हिशेबात धरल्याशिवाय ते विजय समजत नाहीत. शेवटी श्रीमंत-गरीब सगळ्यांना जवळपास सारखाच बसणारा 'पोल टॅक्स' आला, मार्च 1990मध्ये ट्रॅफल्गर चौकात दंगल झाली आणि त्याच वर्षी त्यांच्याच खासदारांनी त्यांना घालवलं.

हे मिथक सर्वांत महाग पडलं ते त्यांच्याच वारसांना. सप्टेंबर 2022मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने 45 अब्ज पाउंडांची करकपात कर्जाच्या भरवशावर जाहीर केली. पाउंड डॉलरसमोर नीचांकावर गेला, बँक ऑफ इंग्लंड या मध्यवर्ती बँकेला रोखेबाजारात उतरावं लागलं आणि पंतप्रधान झाल्यापासून सात आठवड्यांत ट्रसबाईंची गच्छंती झाली. त्यांनी थॅचर यांचं 1988 पाठ केलं होतं. तूट भरायला मंदीतही कर वाढवणारं 1981 त्यांनी वाचलंच नसावं.